पोटातली लोकर

डेलमरने खिडकीतून हात बाहेर काढून दोरी ओढली, तशी पिकअपवरच्या खोक्याची दारं धाडकन पडली आणि चार ग्रेहाऊंड बर्फावर उतरले. भुंकणं नाही, काही नाही. समोरच्या उतारावर कायोटी, माळावरचा तो कोल्ह्यासारखा लांडगा, पळत होता आणि तो त्यांना दिसला होता. त्यांना तेवढं पुरतं.

"धरून बसा, बाई!" म्हणत त्याने गाडी सरळ माळावर घातली.

अर्डिसने दाराची कडी धरली. तंबाखू थुंकायची बाटली डेलमरच्या मांडीत हिंदकळत होती आणि त्या वासापायी तिने सकाळपासून आपली काच खाली ठेवली होती. पण त्याला बोलावलं होतं तिनेच. शेजारच्या लॉएलची कोकरं मरत होती. परवा त्याने तोंडावर सांगितलं होतं, "हे तुझ्या कुत्र्याचं, स्कीटरचं काम आहे. पुन्हा माझ्या मेंढरांत दिसला तर गोळी घालीन." या मुलखात त्यावर कोणी हुज्जतही घालत नाही, मेंढराच्या रक्ताची चटक लागलेला कुत्रा कोणी ठेवत नाही. आणि नवरा गेल्यापासून तिच्या घरात स्कीटरशिवाय होतं कोण?

तेव्हा तिला कायोटी हवा होता, आणि त्याच्या पोटात लोकर हवी होती.

उताराच्या तळाशी कुत्र्यांनी त्याला गाठलं. एकाने नरडं धरलं, दुसऱ्याने मागचा पाय, आणि दोघांनी ओढून त्याला लांब ताणलं. जीव होता अजून. डेलमर बंदूक घेऊन उतरला आणि नुसता हसत उभा राहिला.

"अरे, संपव की त्याला!"

"थांबा हो. ही धाकटी अजून शिकतेय. तिला तोंड मारू दे, त्याशिवाय गोडी कशी लागणार?"

धाकटीने कुशीला तोंड घातलं. अर्डिसने मान फिरवली, पण आवाज ऐकू यायचा तो आलाच. शी! माणूस म्हणावं की कोण याला?

सगळं शांत झाल्यावर डेलमरने सुरी काढून पोट फाडलं. वाफ आली, मागोमाग घाण वास. त्याने कोठा कापून बर्फावर उलटा केला.

"उंदीर," तो म्हणाला. "आणि गवत."

"नीट बघ."

"मग तुम्हीच बघा!"

अर्डिसने हातमोजा काढला आणि त्या कोमट लगद्यात बोटं घातली. शेपट्या, नखं, कसल्या तरी सुकल्या बिया. तिने पुन्हा चिवडलं. लोकरीचा एक धागा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! गेल्या आठवड्यात स्कीटरच्या जबड्याखाली काहीतरी लाल सुकलं होतं. चिखल असेल म्हणत तिने ते कोमट पाण्याने धुतलं होतं, आणि मग कॉफी घेतली होती.

ती बर्फावर हात घासत राहिली. डेलमरने आपले हात पँटला पुसले, खिशातून सॉसेज काढलं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने मान हलवली.

"लॉएलला सांगतो, लोकर होती म्हणून," तो चावता चावता म्हणाला. "मूठभर. माझं काय जातंय?"

त्याने डोळा मारला. ते काळपट दात, हनुवटीवरची चरबी बघून तिला त्याची किळस आली. पण तो तिच्यावर दया करत होता, आणि तिला ती हवी होती. स्वतःची शिसारी जास्त आली.

नको म्हणायला तिने तोंड उघडलं.

"काय?"

"काही नाही. चल."

रस्त्याच्या कडेला गाडी थांबली. मारलेला कायोटी कुंपणाला टांगायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने बघायचा, म्हणजे विषय मिटतो. डेलमरने मागचे पाय खांबाला लावले.

"तार धरा जरा. तोंड कुठे करू?"

अर्डिसने तार धरली. लांबून एक गाडी येत होती.

"पाठ रस्त्याकडे कर," ती म्हणाली. "पोट दिसायला नको."