आईचा शब्द चालतो

आमच्या घरात कुणालाच 'मला हवंय' किंवा 'मला नकोय' असं सरळ म्हणता येत नाही. त्याऐवजी आम्ही शब्द खेळतो. आई शाळेत इंग्रजी शिकवायची. मी आणि दादा खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडायला लागलो की ती म्हणायची, "बसा समोरासमोर. पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द, शेवटी डी." शेवटचं अक्षर दर वेळी तीच ठरवायची. आळीपाळीने एकेक शब्द सांगायचा, आधीचा पुन्हा चालणार नाही, जो अडकला तो हरला. मी धाकटी, त्यामुळे मी अडकले की आई स्वयंपाकघरातून हळूच एखादा शब्द पुरवायची. दादा थयथयाट करायचा. शेवटी तिने नियमच करून टाकला: आईचा शब्द चालतो.

खुर्चीसाठी हे ठीक होतं. पण आईचे पाय गेले, ती अंथरुणाला खिळली आणि तिने कुणाकडे राहायचं हा प्रश्न आला, तेव्हाही एवढे घोडे झालेले आम्ही दोघं खेळायलाच बसलो. त्या दिवशी आई औषधाच्या गुंगीत होती. मी हरले. दादाने मोठ्या मनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दर रविवारी वहिनीबरोबर फळं घेऊन यायला लागला. सफरचंद कापूनही देतो, उपकारच म्हणायचे.

तेव्हापासून मी या दोन खोल्यांत आहे. सकाळी शेजारच्या काकू आईजवळ बसतात, तेवढ्यात मी गल्लीच्या टोकाच्या लॅबमध्ये जाऊन कवळ्या बनवते आणि दुपारी धापा टाकत परत येते. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणून लॅबमधूनही मध्ये एकदा धावत घरी येऊन जाते. केस कापणं, बँक, मैत्रिणीचं बाळ बघायला जाणं, सगळं त्या दोन तासांत कोंबायचं. मैत्रिणींनी आता बोलावणंच सोडलंय. कधी कधी कचरा टाकायच्या निमित्ताने खाली जाते आणि उगाच रस्त्याकडे बघत उभी राहते. मला आईचा राग येतो. मग रागावल्याची लाज वाटते आणि मी तिच्या टाचांना दुप्पट क्रीम चोळते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने मला बोलावलं. वर्षभराचं काम, राहायची सोय तिथेच. होय की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे वा! मग रविवारी खेळून टाकू की." मी जिंकले तर आई वर्षभर त्याच्याकडे, हरले तर मी इथेच. मीही मान डोलावली, फोनवर मान डोलावून काय उपयोग ते देव जाणे.

या वेळी मात्र मी गाफील नव्हते. आठवडाभर मेणात दात बसवताना माझं तेच चाललं होतं. एकेक अक्षर घेऊन मी शब्द घोटत होते. लॅबवाले साहेब म्हणाले, "काय पुटपुटता हो? दात घाबरतील."

आज आईला कुशीवर वळवलं, सगळ्यांची जेवणं उरकली आणि आम्ही टेबलाशी बसलो. वहिनी पंच. अडकलेल्यासाठी ती दहापर्यंत मोजते. आईच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"आई, अक्षर सांग," दादाने हाक मारली.

"टी," आतून बारीक आवाज आला.

"पेंट," मी म्हणाले.

"शर्ट."

"टोस्ट."

"हार्ट."

मी धडाधड सांगत गेले. दादा आधी हसत होता, मग कपाळ चोळायला लागला, मग भिंतीकडे बघायला लागला. वहिनीने मोजायला सुरुवात केली. सात. आठ. मला त्या शहरातली माझी खोली दिसत होती. तिच्यात घड्याळच नव्हतं.

"फ्रॉस्ट!"

इतक्या खणखणीत आवाजात आई कित्येक दिवसांत बोलली नव्हती. वहिनीचं मोजणं थांबलं. मला वाटलं, चुकून बोलली असेल.

"आईचा शब्द चालतो," दादा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"क्विल्ट," मी म्हणाले.

दादाने तोंड उघडायच्या आत आतून आलं, "व्हॉल्ट."

"बर्स्ट."

"ट्विस्ट."

माझ्याकडे अजून शब्द होते. पण आईकडे ते संपणारच नव्हते. मी खुर्ची मागे ढकलली आणि आत गेले.

"त्याला का सांगतेस?"

"तो अडकला होता."

"आई, मला जायचंय."

स्वतःच्या तोंडून हे ऐकून मीच दचकले. आईने डोळे मिटून घेतले.

"त्याला नाही गं जमायचं," ती म्हणाली. "त्याचे हात घाईचे. आणि मुलगा आहे, मला लाज वाटते. तुझ्या हातांची सवय झालीय. तू गेलीस तर... मला भीती वाटते, एवढंच."

"मलाही वाटते. इथेच म्हातारी होईन याची."

मला रडू फुटलं. तिलाही. जेवणं आणि खेळ यांत दोन तास होऊन गेले होते आणि तिला वळवायचं राहिलं होतं. माझे हात आपोआप तिच्या खांद्याखाली गेले. हे असं आहे, मी रडत असले तरी ते कामाला लागतात. मी ते बाहेर काढले.

"दादा, हात धुऊन ये."

"मी?"

"गरम पाण्याने धू."

तो आला. त्याची पाचावर धारण बसली होती. मी त्याला सांगितलं, आधी गुडघा दुमडायचा, एक हात कमरेखाली, ओढायचं नाही. त्याने घाई केली. आई कळवळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शब्द सुचेना की मी स्वयंपाकघराकडे बघायची, अगदी तसं.

मी हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

"हळू," मी दादाला म्हणाले. "पुन्हा कर. गुडघ्यापासून."