माझ्या बरं होण्याचा सत्कार

मला बरं कोणी केलं हे ठरवायला रविवारी आमच्या घरी बैठक बसली. मी बरी झाले नव्हते. पण तो मुद्दा नंतर घेऊ, असं आण्णा म्हणाले.

मागच्या वर्षी एका सकाळी माझा उजवा पाय माझा राहिला नाही. पायात चप्पल आहे की नाही, हे खाली वाकून बघावं लागायचं. मग डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. आमच्या पेठ गावाहून पुण्याला गेलो, एमआरआय झाला, आणि मेंदूच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते.

"म्हंजी राखणीला बसवलेला गडीच ऊस खातोय," माझे वडील, म्हणजे आण्णा म्हणाले.

मॅडमना यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. झटका येतो आणि ओसरतो, कधी आपला आपणच. तो लवकर ओसरावा म्हणून त्यांनी स्टेरॉइड दिलं. पुढचे झटके येऊ नयेत म्हणून दर सहा महिन्यांनी सलाईनमधून एक औषध. आजार मुळातून जात नाही, हेही सांगितलं. हे शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत गाडीतच कुठंतरी पडलं असावं. माझ्याशिवाय कुणालाच ते आठवत नाही.

मग कुंडलिकमामा मुक्कामाला आला. मामा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करतो. जनावर चालताना बघून त्याचं पोट कसं आहे ते सांगतो. त्यानं मला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि निकाल दिला, "पोटात हाय समदं."

गहू बंद, दूध बंद, साखर बंद, तळण बंद. मोबाइलवर कुणी एक माणूस म्हणे असंच खाऊन चाकाच्या खुर्चीतून उठला आणि डोंगर चढला. शिवाय उजाडायच्या आत दवातून अनवाणी चालायचं. वनखात्याचं म्हणणं, उजाडायच्या आत उसाच्या कडेला फिरू नका, बिबट्या असतो. मोबाइलमधल्या माणसाच्या गावात बिबट्या नसावा. शेवटी आण्णांनी मध्यम मार्ग काढला: फिरायचं, पण सगळ्यांनी, काठ्या घेऊन, मोठ्यानं गाणी लावून. पुढं आण्णा, मधे मी, मागं आई आणि मामा. बाजूनं बघणाऱ्याला वाटावं, लंगड्या नवरीची वरात चाललीय.

दोन वेगळे स्वयंपाक करायला आईनं नकार दिला. त्यामुळं आख्खं घर पथ्यावर गेलं. काही महिन्यांत आण्णांची साखर उतरली. आईचे गुडघे दुखायचे थांबले. मामाला बऱ्याच वर्षांनी उभ्यानं स्वतःचा पट्टा दिसला. माझा डोळा निवळला, पाय बराचसा परत आला. तो येणार असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण बातमी झाली पथ्याची.

मंगळवारी माझं सलाईन होतं. रविवारी मामानं ते बंद करायला सांगितलं.

"दाजी, दोन येगळ्या चालीचं बैल एका औताला जुपत्यात का? एक तर पथ्य, न्हाईतर सलाईन."

आण्णा ग्रामपंचायतीत शिपाई होते. शाल आणि नारळांची पिशवी त्यांच्याच ताब्यात असायची. सत्कार झाल्याशिवाय कुठलाही विषय संपतो यावर त्यांचा विश्वास नाही. आमच्या घरात नवस, अंगारे, देवऋषी चालत नाहीत. सत्कार चालतो.

"ज्याच्यामुळं गुण आला, त्याचा सत्कार करू," आण्णा म्हणाले. "म्होरं तेच चालू ठिवायचं. दुसरं बंद."

तारीख चुकली तर काय होईल, हे मी मॅडमना मागेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "कदाचित काहीच नाही. कदाचित दुसरा डोळा." हे मी बैठकीत सांगितलं.

"पन तुझ्या मॅडमनं केलं काय?" आईनं विचारलं.

"नवीन झटका येऊ दिला नाही."

"आला न्हाई ते दिसनार कसं गं?"

"बिबट्या बी आला न्हाई," मामा म्हणाला. "त्याचा सत्कार कुनाचा करायचा?"

खरं तर मलाही कळत नव्हतं. गहू सोडल्यापासून हलकं वाटत होतं, हे खरं. पण उन्हाळाही सरला होता, आणि उकाड्यात माझा पाय हमखास रुसतो. आधीचं सलाईन पोटात, म्हणजे नसेत, होतंच. झटका आपणहून ओसरला असेल, तर मग कुणाचंच श्रेय नाही. अंगात चौघे राबत होते आणि हजेरी एकही लावत नव्हता.

आण्णांनी स्वतःच्या उतरलेल्या साखरेला स्मरून निकाल मामाच्या बाजूनं दिला. लगेच शाल निघाली. नारळ निघाला. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? माझा दुसरा डोळा डावावर लागला होता आणि घरात पेढे नव्हते, कारण साखर बंद.

"सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त करावं," आण्णा सवयीनं म्हणाले.

मामा उठला. शाल सारखी केली. बाजारात गिऱ्हाइकाला शिव्या घालणारा माणूस एकदम छापील बोलू लागला. "आज आपण माझा जो सत्कार केला, त्याला मी पात्र नाही. मी एक साधा माणूस. खरं श्रेय आहे ते पुण्याच्या डॉक्टर मॅडमचं. मी केवळ निमित्त."

आईनं डोळे पुसले. आण्णांनी मान डोलावली. आणि मान डोलवता डोलवता थांबले.

"आण्णा," मी म्हणाले, "श्रेय कुणाचं म्हणाला मामा?"

"मॅडमचं."

"अवो दाजी, ती बोलायची रीत अस्ती!" मामा ओरडला. "सत्कारात कुनी 'व्हय, माझंच हाय' म्हनतंय व्हय?"

"रीत आसंल. पन भाषणात बोललेलं माघारी घेता येत न्हाई, पावणं. तसं चालू झालं तर आजवरचं समदं सत्कार रद्द करावं लागत्याल."

"मंग पथ्य बंद करायचं व्हय?" आईनं विचारलं. "दुसरं बंद म्हनला व्हता तुमी. आन तुमची साखर?"

आण्णांनी नारळ परत पिशवीत टाकला. म्हणाले, "दोन्ही चालू ठिवा. निकाल राखून ठिवलाय."

मंगळवारी मामा स्वतःच्या टेम्पोनं मला पुण्याला घेऊन गेला. भाकरी आणि बिनतेलाची दोडक्याची भाजी बांधून घेतली होती. वॉर्डात मॅडम आल्या तशी त्यानं शाल काढून त्यांच्या हातात ठेवली.

"हे कशासाठी?" मॅडम म्हणाल्या.

मामानं माझ्याकडं बघितलं. "त्ये आमचं आजून ठरलं न्हाई."

मॅडमनी माझं खाणं, चालणं, झोप विचारली. "चांगलं आहे, सोडू नको. सकाळचं कोवळं ऊनही घे थोडं. फक्त त्याच्या भरवशावर हे चुकवू नको," म्हणाल्या आणि सुई टोचायला सिस्टरना खूण केली.

थेंब पडायला लागले. मामा पुढं वाकून बाटलीकडं एकटक बघत बसला.

"यशे, मला तर काय बी कळंना बघ."

"मला पण नाही."

"पन चालू राहू दे," तो म्हणाला, आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा कुठं मिळतो ते विचारायला खाली गेला. तो परत येईपर्यंत बाटली अर्धी झाली होती.