आधी काठी, मग हात

मी एक काठी बोलतेय. आधाराची नव्हे, माराची तर मुळीच नव्हे. माझ्या टोकाला पितळी आकडा आहे आणि मुठीपासून निघालेली जाड वायर थेट जमिनीत गेली आहे. यंत्राचं बटण बंद केलं, तरी त्यातला कपॅसिटर पोटात वीज दडवून बसतो. माझा आकडा टेकवला की ती वीज मुकाट्याने जमिनीत जाते.

या प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी मला स्वतःच्या हाताने बनवलं. त्यांचा मित्र बंद यंत्राला हात लावून लांब फेकला गेला होता. तो वाचला, पण सरांनी धसकाच घेतला. 'आधी काठी, मग हात' असं त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवलं.

पुढे सर फार मोठे झाले. विजेला हवं तसं वळवणारी त्यांची यंत्रं लिफ्टमध्ये, रेल्वेच्या इंजिनात, इस्पितळात जाऊन बसली. पदकं मिळाली, फोटो छापून आले. एकाही फोटोत मी नाही! असो.

मला विसरणाऱ्याची शिक्षा ठरलेली होती. त्याला महिनाभर प्रयोगशाळा बंद. सरांची एक विद्यार्थिनी, जिला सगळे घाईबाई म्हणत, एकदा मला विसरली. रडली, भांडली, पण महिनाभर बाहेरच बसली.

सरांच्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते. सहा वर्षं खपून केलेलं यंत्र पुढच्या आठवड्यात पूर्ण भारावर चालवायचं होतं. त्या दिवशी पाहुणे आले. दाखवायच्या भरात सरांनी बटण बंद केलं, झाकण काढलं आणि मला न उचलताच बोट थेट आत नेलं!

"सर, हात!" घाईबाई ओरडली.

बोट कपॅसिटरला टेकायच्या आतच सर थिजले. तिने मला उचलून आकडा टेकवला. चट्! ठिणगी उडाली. पाहुणे पांढरेफटक पडले.

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "महिनाभर मी बाहेर."

"अहो सर, असं काय करताय? एकवीसच दिवस राहिलेत तुमचे!"

"तुला सूट दिली होती का मी?"

ते खरंच आत आले नाहीत. चाचणीच्या दिवशी काचेबाहेर उभे राहिले. यंत्र झकास चाललं, पोरं नाचली, सरांनी बाहेरूनच टाळ्या वाजवल्या. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी घाईबाईने मला दारापर्यंत नेलं. माझी वायर तेवढीच पुरते. सरांनी उंबरठ्यापलीकडून माझी मूठ धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. मूठ झिजलीय, आकडा काळवंडलाय. पोरांनो, तुमची गडबड मला कळते. तरी मला उचलत जा. सरांनासुद्धा माझी गरज पडली, मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात?