कौल देणारी खुर्ची

घाटकोपरच्या रंगसागर नाट्यगृहात नाटकाला कधी इतकी गर्दी झाली नव्हती. नवं कोरं नाट्यगृह, आणि हाऊसफुल्ल केलं कुणी, तर चंद्रप्रकाश महाराजांनी! रविवारी सकाळी भाविकांची रांग पार रस्त्यावर आली होती. भक्तानं रंगमंचावर जाऊन मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं, मग प्रेक्षागृहातल्या एका ठरावीक खुर्चीत बसून डोळे मिटायचे. देवी थेट कानात कौल देई. शेजारच्या खुर्चीला पत्ताही लागत नसे.

"विज्ञान जिथं दमतं, तिथं आमची खुर्ची मांडलेली असते!" महाराज गरजले. टाळ्या पडल्या.

दमल्या होत्या त्या डॉक्टर नलिनी. आठवडाभर दवाखान्यात क्षयाच्या रोग्यांना एकच वाक्य सांगून त्यांचा घसा बसला होता: बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नका. रविवारी त्यांना फक्त झोपायचं होतं. पण त्यांची रोगी विमला गोळ्या न्यायला येईनाशी झाली होती. म्हणून तिला शोधत त्या इथं आल्या होत्या. आता ती शेजारीच बसली होती, गालफडं बसलेली, पदराआड खोकत.

"गोळ्या कुठायत गं?"

"सासूबाईंनी फेकल्या ना."

सासू जानकी शांतपणे म्हणाली, "देवीन कौल दिल्यान. गोळये बंद करूक सांगल्यान."

अशीच राहिली तर ही पोर वर्ष काढणार नाही, हे नलिनीबाईंना लख्ख दिसत होतं. त्या उठल्या, रंगमंचावर गेल्या. "देवी, माझे रोगी औषध सोडतात. मी काय करू?"

डॉक्टरीणही शरण आली म्हणून लोक खूश झाले. बाई खुर्चीत बसल्या आणि खरंच कानाशी कुजबूज आली, "बाळ, अहंकार सोड..." क्षणभर त्यांच्याही अंगावर काटा आला. मग देवी खोकली. ओला, खोल, दाबून धरलेला खोकला. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. इथला प्रॉम्प्टर खंडू दवाखान्यात असाच खोकायचा.

प्रॉम्प्टर जिथं उभा राहतो, त्या विंगेत जाऊन त्यांनी पडदा ओढला.

"देवीला खोकला कधीपासून रे, खंडू?"

खंडूनं आधी महाराजांकडे पाहिलं. मग तो पुटपुटला, "नाटकाच्या वेळी त्या खुर्चीतले लोक कटकट करायचे, बाई. नटाच्या आधी माझा आवाज ऐकू येतो म्हणून. महाराजांना ते कळलं, नि माझी वाट लागली."

बाईंनी समोर बोट दाखवलं. प्रेक्षागृहाची मागची भिंत परातीसारखी आत वळलेली. आवाज शोषणारं अस्तर लावायचं राहून गेलेलं. इथं कुजबुजलेलं भिंतीवर आदळून गोळा व्हायचं आणि नेमकं त्या खुर्चीवर येऊन पडायचं.

"हीसुद्धा देवीचीच लीला!" महाराज ओरडले.

"मग जानकीबाईंनाही होऊ दे देवी," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी जानकीला खंडूच्या जागी उभं केलं, विमलाला खुर्चीत बसवलं. जानकी भिंतीकडे बघून काहीतरी पुटपुटली.

"सासूबाई," विमला मोठ्यानं म्हणाली, "रात्री जेवायला बांगड्याचा तिखला कर म्हणताय, पण आधी बाजारातून बांगडे तर आणा!"

सगळं सभागृह हसलं. जानकी तेवढी हसली नाही. "आवाज भिंतीसून येत असात. पण सांगणारी देवीच ना?"

नलिनीबाईंनी डोळे मिटले.  तेवढ्यात खंडूला पुन्हा उबळ आली. तो वाकला, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातून एक पुडी खाली पडली. जानकीनं ती उचलली, उघडली. आत लाल गोळ्या होत्या; तसल्याच तिनं स्वतःच्या हातानं गटारात टाकल्या होत्या.

"माझ्या सुनेक बंद करूक सांगलंस," ती हळूच म्हणाली, "आणि तू खातस?"

"मरू काय मग?" खंडू म्हणाला.

विंगेतला तो आवाज खुर्चीत विमलाला स्पष्ट ऐकू गेला. ती रडू लागली. महाराज मागच्या दारानं सटकले होते.

नलिनीबाई लोकांकडे वळल्या. "कौल देणारा स्वतः काय करतो, तेवढं बघत चला. बाकी काही मागणं नाही."

सोमवारी दवाखाना उघडला, तेव्हा जानकी सुनेचा हात धरून दारात उभी होती. बाईंनी बसक्या आवाजात तेच वाक्य पुन्हा सांगितलं.