पंजाबरावांच्या वतीने

आपल्याकडे माणूस आजारी पडला की आधी त्याचं बोलणं बंद होतं. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर देतात बायको, मुलगा, सून, कधी कधी तर सोबत आलेला शेजारीसुद्धा. ज्याला होतंय तो बिचारा स्टुलावर बसून मान हलवत राहतो. छत्तीसगडात भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या भागाबाई या कामात अगदी तरबेज होत्या.

त्यांचे यजमान पंजाबराव यार्डात पॉइंट्समन होते. मूळचे नागपूरकडचे, पण नोकरीची सगळी वर्षं मालगाडीचे डबे जोडण्यात आणि सोडवण्यात चरोद्यातच गेली. ऐन तारुण्यात लागलेली बिडी पन्नाशी उलटली तरी सुटली नव्हती. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं की त्यांना धाप लागायची, आणि सकाळी खोकल्याची उबळ आली की भिंतीपलीकडचे लोक जागे व्हायचे.

शेवटी भागाबाईंनी त्यांना भिलाईच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं छातीच्या डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत मोना बोंद्रे नावाची मानसशास्त्रज्ञ बसायची. भिलाईच्याच सेक्टर सहामध्ये वाढलेली, वऱ्हाडी आईबापांची मुलगी. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांवर तिचं संशोधन चालू होतं. यंत्र श्वास मोजतं ते ठीकच. पण झोप कशी लागते, जिना चढताना काय होतं, तलफ कधी येते, हे रोग्यानं स्वतः सांगायचं आणि त्याच्या सांगण्याला यंत्राइतकंच वजन द्यायचं, असं तिचं म्हणणं होतं.

पंजाबरावांनी बिडी सोडली. खरंच सोडली! भागाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. ही बातमी त्यांनी घरापुरती ठेवली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण त्यांनी ती नळावर सांगितली, बाजारात सांगितली, नागपूरच्या नणंदेला फोन करून सांगितली. ती फिरत फिरत गणेश मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी यांच्या कानावर गेली, आणि भैय्याजींना तर सत्कार करायला निमित्तच हवं असतं! आरतीनंतर त्यांनी पंजाबरावांना स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि 'व्यसनावर विजय मिळवणारे आपले पंजाबराव' असं माइकवरून जाहीर करून टाकलं. "अजून जास्त दिवस नाई झाले हो," असं पंजाबराव पुटपुटले, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर दवाखान्यात गेल्यावर मोनानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, तलफ येते का अजून?"

"आता बिडीचं नाव नाई काढत!" भागाबाई म्हणाल्या.

"आणि झोप?"

"मस्त लागते यायले."

"दम लागतो?"

इथं मात्र भागाबाई अडखळल्या. "दम... तेवढा आहे थोडा." पंजाबराव खिडकीबाहेर बघत बसले होते. मोनानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, यंत्रावरचे आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. बिडी बंद होऊन इतके दिवस झाले, मग खोकला वाढतोच कसा? आकडे घसरतात कसे? याचा अर्थ कारण दुसरंच काही असावं. "रायपूरला पाठवतो," ते म्हणाले. "छातीत नळी घालून आतून बघावं लागेल. गाठबीठ नाही ना, ते एकदा कळू दे."

गाठ! भागाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. आपला माणूस हातचा जातो की काय, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

मोना त्यांच्याजवळ येऊन बसली. "काकू, रायपूरला जायच्या आधी मले एकदा काकांशी बोलू द्या. तुमी बी बसा. पण काकू, मधे बोलायचं नाई."

"मी कावून नाई बोलायचं?" भागाबाईंना राग आला. "इतकी वर्षं संसार केला यायच्यासंगं. यायचं मले नाई माहीत तं कोणाले माहीत?"

"तुमाले सगळं माहीत आहे. पण छाती त्यांची आहे, ना काकू? अंदर क्या हो रहा है, ये तो वही बताएँगे."

भागाबाई मूग गिळून बसल्या. मोनानं तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि विचारून झाल्यावर घाई न करता थांबली. पंजाबरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ओढून राहिलो मी," ते शेवटी म्हणाले. "सत्काराच्या पुढच्याच आठवड्यात सुरू झाली. यार्डात, डब्याच्या आडोशाले. कोणी पाहीन म्हणून घाईघाईनं ओढतो, पहिल्यापेक्षा जास्तच. शाल घेतलेल्या माणसानं कोणाले सांगावं? मॅडम, जिंदगीभर यार्डात झेंडी दाखवली मी. लाइन क्लिअर नसताना हिरवी झेंडी कधी नाई दाखवली. ती घरी दाखवली!"

"माझं नाक कापलं तुमी!" भागाबाई ओरडल्याच. "साऱ्या कॉलनीत मी सांगत फिरली!"

"म्हणूनच तं नाई सांगितलं तुले," पंजाबराव हळूच म्हणाले.

मोनाचा आवाज मात्र जराही चढला नाही. "काकू, बिडी एका दिवसात सुटत नाई. माणूस सोडतो, परत ओढतो, परत सोडतो. ऐसा बहुतों का होता है. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तं तलफेवर औषध देता आलं असतं. पण घरात टाळ्या वाजून राहिल्या होत्या, तं ते कोणाले सांगतील? आणि आमी 'बिडी बंद' असं धरून चाललो. त्या एका उत्तरावर त्यांच्या छातीत नळी घालायची वेळ आली! माणूस खोटं बोलला म्हणून रागावता, पण खरं बोलायले घरात जागा ठेवली होती का?"

भागाबाईंचे डोळे पुन्हा भरून आले. या वेळी ते भीतीनं भरले नव्हते. आपल्या कौतुकानंच आपल्या माणसाची वाचा बंद केली, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

खरी हकिकत कळल्यावर डॉक्टरांनी रायपूरची तपासणी पुढे ढकलली. तलफेसाठी गोळ्या दिल्या, आणि महिन्याभरानं पुन्हा बघू म्हणाले. काळजी संपली नव्हती, पण आता निदान खऱ्या दुखण्यावर औषध चालू झालं होतं.

त्याच संध्याकाळी भैय्याजी उत्साहानं घरी आले. रविवारी मंडळाचा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता आणि पंजाबरावांनी त्यात भाषण करावं, असा त्यांचा आग्रह होता. भागाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं. "त्यायलेच विचारा भाऊजी," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"भैय्याजी, माझी बिडी सुटली नाई अजून," पंजाबराव म्हणाले. "मी सोडून राहिलो. एवढंच सांगता येईन मले."

भैय्याजींचा चेहरा पडला. त्यांनी नकळत खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी चाचपली, आणि आपण काय चाचपतोय हे लक्षात येऊन ओशाळले. "मंग तेच सांगा," ते म्हणाले. "मलेबी ऐकायचं आहे ते."

पंजाबरावांनी रविवारी तेच सांगितलं. टाळ्या कमी पडल्या. पण कार्यक्रम संपल्यावर लोक घरी जाईनात. एकेक जण येऊन मोनाचा दवाखाना कुठं आहे ते विचारू लागला, आणि त्यांत भैय्याजीही होते!

पुढं एका दुपारी पंजाबराव ड्यूटीवरून आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आज एक ओढली," ते म्हणाले.

भागाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. मनात चार शब्द उसळून वर आले. ते त्यांनी गिळले. "बसा," त्या म्हणाल्या. "काय झालं होतं आज?"

पंजाबराव बसले आणि सांगू लागले. डबा रुळावरून घसरला होता, साहेब रागावले होते. भागाबाईंनी गॅस बारीक केला आणि सगळं ऐकून घेतलं. त्या महिन्यात पंजाबराव पुन्हा एकदाच घसरले, आणि तेही त्यांनी स्वतःच सांगितलं. महिना संपला तेव्हा यंत्रावरचे आकडे चढले होते, आणि डॉक्टरांनी रायपूरचं नाव काढलं नाही.

वाचकहो, आपल्या घरातही कोणी बिडी, सिगारेट किंवा तंबाखू सोडत असेल. त्याच्यावर पहारा ठेवू नका आणि इतक्यात त्याचा सत्कारही करू नका. तो चुकला तर ते सांगायला त्याला सगळ्यात आधी आपलंच दार ठोठावावंसं वाटलं पाहिजे. आजारी माणसाच्या वतीनं बोलणं सोपं असतं. त्याचं बोलणं ऐकून घेणं, हीच त्याची खरी सेवा आहे.