एकोणिसावी सावली

साहेब, तुम्ही एका मेलेल्या बाईला तिच्या जागेवरून उठवलंत.

कापड्याच्या डोंगरातली भरतची वाडी दरडीखाली गेली. वर्षभराने श्रद्धांजलीचा बॅनर तुमच्याच तहसील ऑफिसने मुरादभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात करायला सांगितला. तिथे कॉम्प्युटरवर भरतच बसतो. माणसांचे फोटो मातीखाली गेलेले. म्हणून त्याने माऊसने वाडीची होळी रंगवली आणि जाळाभोवती दरडीत गेलेले एकोणीस जण उभे केले. ज्याला वाडी जे म्हणून चिडवायची त्याला तेच तोंड दिलं: रानडुकराचं, घोरपडीचं, घुबडाचं. होळीपुढची प्रत्येक घराची ठरलेली जागाही चुकवली नाही. त्याची आई रखमा बडबडी, म्हणून साळुंकीच्या तोंडाची.

तुम्ही बोट लावून मोजलंत. "मृतांच्या यादीत अठराच आहेत. ही कोण?"

"माझी आय हाय, साहेब."

"तिचं नाव मुंबईच्या रेशनकार्डावर आहे. ती गावात नव्हतीच."

ते नाव भरतनेच मुंबईत असताना तिकडे चढवलं होतं, तिला मुंबईला न्यायचं म्हणून. ती गेलीच नाही.

"काढ रे," मुरादभाई खाली बघत म्हणाला. "यांच्यापुढे आपलं काय चालतंय?"

भरतने काढली. पण कॉम्प्युटरवरच्या चित्रात आई एका थरावर, म्हणजे लेयरवर होती आणि जाळाने पडलेली तिची सावली दुसऱ्या थरावर; एक काढला तरी दुसरा राहतो. सावली त्याने पुसली नाही.

आता बॅनर तुमच्या दारावर आहे. अठरा जण, एकोणीस सावल्या. ती मोकळी जागा कुणाच्या घराची, हे वाडीतल्या उरलेल्यांना ठाऊक आहे. रखमा गावात नव्हती, तर भरतने चिखलातून काढून अग्नी दिला तो कुणाला? लिहून द्या, साहेब.