काचेआडचं ऊन

क्रेनचा दांडा ओढताना नुसत्या हिसक्याने मनगट मोडलं, म्हणून सव्वीस वर्षांच्या क्रेनचालकाच्या हाडांची तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाडं म्हाताऱ्यासारखी विरळ झालीत. ड जीवनसत्त्व तर नावालाच आहे. उन्हात जात नाहीस का?"

शेजारी बसलेल्या बापाचं डोकंच फिरलं. "अहो, दिवसभर उन्हातच असतो की! इतक्या उंचावर त्याच्याएवढं ऊन कुणाच्या वाट्याला येतं?"

"केबिनला काच असेल ना? काचेतून उजेड येतो, ऊबही येते. हाडांना हवं ते बाहेरच राहतं."

क्रेनचालकाने मान डोलावली. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असं त्याला वाटत होतं. बापाने जन्मभर उघड्यावर विटा रचल्या होत्या. पोराला तरी उन्हात राबायला लागू नये म्हणून त्यानेच मुकादमाच्या हातापाया पडून त्याला त्या गार केबिनमध्ये बसवलं होतं.

घरी आल्यावर बापाने गच्चीत भर उन्हात खुर्ची मांडली, पोराला बसवलं आणि प्लास्टर नसलेल्या हाताची बाही स्वतःच वर सारली.

"चटका बसतोय का रे?"

"काही कळत नाही."

पोर लहान असताना कामावर यायचं, तेव्हा उभा राहायचा तसाच बाप त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये येऊन उभा राहिला. मग पोराच्या हातावर पडलेली आपली सावली त्याला दिसली आणि तो चोरासारखा बाजूला झाला.